बरडावरची रतनजोत

माझ्या आईनं आणि वडिलांनी आयुष्यातली बरीच वर्षं एकमेकांपासून दूर काढली. भांडण झालं म्हणून नाही. भांडण असतं तर तांड्यातल्या चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून ते मिटवलं असतं. ते दूर राहिले, कारण आमच्या तांड्यामागच्या बरडावर सरकारनं डिझेलची झाडं लावायचं ठरवलं, आणि ती जगवण्याचं काम माझ्या आईनं अंगावर घेतलं.

आमचा तांडा आर्णीहून आत, डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं गेलं की लागतो. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. आईला याडी म्हणतो, वडिलांना बा. इथं मात्र त्यांचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे. बाजारात, बसमध्ये, साहेब लोकांशी ते दोघंही वऱ्हाडीच बोलायचे, आणि इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवून माझ्या कानालाही आता ते तसंच ऐकू येतं.

थोडी कोरडवाहू जमीन होती. कपाशी आणि तूर व्हायची. पण बाचा जीव वावरात कधी रमला नाही. त्याचा जीव ढोरांत. पंधरा-वीस गावरान गाई, दोन-तीन गोऱ्हे, एखादं पितं वासरू. दूध फार निघायचं नाही. गोऱ्हे मोठे करून बैल विकायचे, शेणखत वावरात टाकायचं, असं चालायचं. सकाळी भाकरी बांधून तो ढोरं घेऊन बरडावर चढायचा आणि दिवस कलला की उतरायचा. बरड म्हणजे मुरमाड उतार, नावाला ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक जमीन. पेरायच्या कामाची नाही, पण पावसाळ्यानंतर तिथं कुसळी आणि पवन्या गवत गुडघ्याएवढं व्हायचं. ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं तेव्हापासून कडबा कुणाच्याच घरी नव्हता. तांड्यातल्या सगळ्या ढोरांना ते बरडच होतं.

याडी स्वभावानं त्याच्याहून अगदी वेगळी. ती कधी शाळेत गेली नव्हती. तरी कुणी नवीन माणूस आला की त्याला पाणी देऊन समोर बसायची आणि विचारत राहायची. तुमच्या गावात पाणी कुठून येते, तुमच्या गाडीत काय काय असते, हे औषध कशापासून करतात. बायकांचा बचत गट झाला तेव्हा सगळ्यांनी तिलाच अध्यक्ष केलं.

मी डी.एड.ला यवतमाळला होते त्या वर्षी सरकारी योजनेचे एक साहेब पहिल्यांदा तांड्यात आले. मोटरसायकलवर, पाठीमागे एक खोकं बांधलेलं. खोक्यात रतनजोतीची रोपं. रतनजोत आम्हाला नवीन नव्हती. बांधावर, कुंपणाला एखादं झाड असायचंच. पोरं तिच्या चिकाचे फुगे उडवायची. तिच्या बियांचं तेल काढून त्यावर इंजिन चालतं, हे मात्र नवीन होतं.

देवळासमोर सतरंजी टाकून सगळे बसले. साहेबांनी समजावून सांगितलं. आपल्या देशात तेल निघतं, पण पुरत नाही. जास्तीचं सगळं बाहेरच्या देशांकडून विकत घ्यावं लागतं. तिकडे लढाई झाली की इकडे एसटीचं तिकीट वाढतं. देशातल्या पडीक जमिनींवर अशी झाडं लावली तर आपलं डिझेल आपण पिकवू.

"जहाजातून येते का थे तेल?" याडीनं विचारलं.

"हो. मोठमोठ्या जहाजांतून."

"अन् तिकडच्यांनी देनं बंद केलं तर?"

"तेच तर," साहेब म्हणाले. "म्हणूनच हे सगळं."

माणूस चांगला होता, आणि हे मी आजही म्हणते. तो स्वतः त्यावर विश्वास ठेवून होता. उन्हातान्हात फिरायचा, आमच्या घरचं तुरीचं वरण आणि भाकरी खायचा, रोपं कशी लावायची ते स्वतः गुडघ्यावर बसून दाखवायचा.

त्या दिवशी सभेत बा एकदाच बोलला.

"साहेब, ढोरं कुठी चारायची?"

"काका, या झाडाची एक चांगली गोष्ट सांगतो. ढोरं याला तोंडच लावत नाहीत. कुंपण घालायचीही गरज नाही."

"तोंड लावत नाही, थेच तं म्या म्हनून राह्यलो," बा म्हणाला.

लोक हसले. साहेबही हसले. मग म्हणाले, झाडं लहान आहेत तोवर दोन-तीन वर्षं चराई बंद ठेवावी लागेल, नंतर झाडांच्या मधल्या जागेत गवत होईलच. हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेकांचे हात वर गेले. बानं हात वर केला नाही. विरोधही केला नाही. समोर त्याची बायको उभी होती, रोपवाटिका तिच्या गटाला मिळणार होती, आणि तिचा चेहरा त्याला दिसत होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणाची रोपवाटिका झाली. बायका माती, शेणखत आणि वाळू कालवून काळ्या पिशव्या भरायच्या. याडी पहाटे उठून झारीनं पाणी घालायची. मी सुट्टीला आले की तिच्यासोबत वाकून तण काढायची आणि ती मला सांगत राहायची, "यातल्या एका झाडाचं तेल कदाचित एखाद्या फौजीच्या गाडीत जाईन. कोनाले मालूम." तिचा हात मातीत असायचा आणि डोळे कुठे तरी लांब. मी तिला इतकी खूश त्याआधी पाहिली नव्हती.

पावसाळ्यात बरडावर खड्डे झाले, चर खोदले गेले, रोपं लागली. चराई बंद झाली. बाकीच्यांची दोन-चार जनावरं, ती बांधावरच्या गवतावर निभावली. बानं पहिला हिवाळा कसाबसा काढला. रस्त्याच्या कडेनं, नाल्याच्या काठानं, वेचणी झालेल्या कपाशीतून तो ढोरं फिरवत राहिला. लोकांच्या तुरीत एखादी गाय शिरली की बोलणी खायचा. उन्हाळा आला तशा गाईंच्या फासळ्या दिसायला लागल्या. एक गाभण गाय उठेनाशी झाली आणि गेली. बानं तिला बरडाच्या पायथ्याशी पुरलं आणि घरी येऊन हातपाय धुतले. जेवला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यानं ठरवलं. उमरखेडकडे, पैनगंगेच्या काठाला आत्याचा तांडा होता. तिकडे नदीकाठचं गवत होतं, जंगल जवळ होतं. ढोरं घेऊन तो तिकडे जाणार होता.

मी तेव्हा घरीच होते. चुलीजवळ दोघं बसले होते.

"दोन-तीन वर्षांची तं गोष्ट हाये," याडी म्हणाली. "झाडं मोठे झाले का चराई खुली होते."

"मंग दोन-तीन वर्षांनी येतो."

"लोक काय म्हनतीन मले?"

"काय म्हनतीन? ढोरं चारायले गेला म्हनतीन." मग थोडं थांबून तो म्हणाला, "तू चाल ना संगं."

याडीनं दाराबाहेर पाहिलं. दुसऱ्या लागवडीची रोपं अंगणभर होती. पाण्याची वेळ झाली होती.

"हे कोन पाह्यन?" ती म्हणाली.

बानं मान हलवली. त्यालाही ते पटत होतं. ज्याच्या हातात जीव आहेत त्यानं ते सोडून जायचं नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढोरं घेऊन निघाला. याडी डांबरी रस्त्यापर्यंत त्याच्यासोबत चालत गेली. मी मागे होते. रस्ता आला तेव्हा तिनं सगळ्यात म्हाताऱ्या गाईच्या गळ्याखाली हात फिरवला आणि परत फिरली.

बा दिवाळीला यायचा. एकटाच, एसटीनं. उमरखेडहून आर्णी, आर्णीहून मिळेल ती गाडी, नाही तर पायी. येताना तुपाचा डबा आणायचा. चार-आठ दिवस राहायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच त्याचं चित्त तिकडे लागायचं. पोळ्याला मात्र तो कधीच आला नाही. पोळ्याला आपल्या जनावरांपाशी असावं लागतं. तांड्यात सगळ्यांचे बैल सजून देवळापुढे उभे असायचे आणि याडी रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावून ताटली घेऊन परत यायची. त्या दिवशी ती कुणाच्या घरी जेवायला जायची नाही.

झाडं वाढली, पण त्यांच्या मधल्या जागेत गवताऐवजी घाणेरीची झुडपं उगवली, आणि बा तिकडेच राहिला. साहेबांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे तिसऱ्या वर्षी फळं धरली. तेलघाणी आली, एक इंजिन आलं, त्याला पिठाची चक्की जोडली. शिवरात्रीच्या आसपासचा दिवस होता. बाला मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं होतं, आणि तोही आला होता. साहेबांनी नारळ याडीच्या हातून फोडून घेतला. गाळलेलं पिवळसर तेल तिनंच इंजिनात ओतलं. हँडल फिरवलं, दोनदा फुसफुसलं, तिसऱ्यांदा सुरू झालं. धुराला डिझेलसारखा वास नव्हता. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा काही तरी वास होता.

याडीनं बाजारातून आणलेली ज्वारी चक्कीत टाकली. पीठ पडायला लागलं तशी ती दोन्ही हात पिठाखाली धरून उभी राहिली.  साहेब बाजूला उभे राहून डोळे पुसत होते, धुरामुळे असेल किंवा नसेल.

बा मागे, लिंबाच्या झाडाखाली होता. गर्दी कमी झाल्यावर तो पुढे आला, चिमूटभर पीठ बोटांत घेऊन चोळलं.

"गरम हाये," तो म्हणाला.

"आपल्या बरडाचं हाये," याडी म्हणाली.

त्या पिठाच्या भाकरी आम्ही तिघांनी बसून खाल्ल्या. बानं दोन वेळा मागून घेतली. आमच्या घरातला तो शेवटचा पुरता आनंदाचा दिवस, असं मला आज वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, आता सगळं सुरू झालं.

ते इंजिन एक हिवाळा बरं चाललं. मग बिया पुरेनात. झाडं दिसायला हिरवीगार, पण मुरमात, बिनपाण्याची, फळं मोजकी. बायका दिवसभर ती वेचायच्या, चिकानं हात काळे व्हायचे, आणि तेलघाणीतून तेल निघायचं ते एका बादलीच्या बुडाला. पेंड ढोरांना चालत नाही, विषारी असते. शिवाय इंजिन सारखं बंद पडायला लागलं. आर्णीहून मिस्त्री आला, नोझल काढून दाखवलं. आत चिकट राळ बसली होती. दुसरं नोझल मागवलं. ते यायला इतके दिवस लागले की तोवर बायका पुन्हा आर्णीला दळण न्यायला लागल्या होत्या.

त्यातच साहेबांची बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा ते याडीला म्हणाले, "काकू, माझ्या जागी येईल त्याला मी सगळं सांगून जातो." त्यांनी सांगितलंही असेल. पण त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

याडी यवतमाळच्या सरकारी कचेरीत जायला लागली. मी तोपर्यंत नोकरीला लागले होते. आर्णीजवळच्याच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत. कधी कधी मी तिच्यासोबत जायची. ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, पिशवीत काचेच्या बाटलीत थोडं तेल घ्यायची, साहेबाला दाखवायला. आम्ही बाकावर बसून राहायचो. एका खेपेला एका मध्यमवयीन अधिकाऱ्यानं तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, बाटली हातात घेऊन पाहिली.

"काकू," तो म्हणाला, "ही योजना आता नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"मंग देशाचं तेल?"

"त्याचं आता इथेनॉलवर चाललं आहे. उसापासून, मक्यापासून. पेट्रोलमध्ये मिसळतात."

याडीनं विचारलं, "थे पुरते का?"

तो थोडा हसला. कुचेष्टेनं नाही. म्हणाला, "हळूहळू वाढवत आहेत." आणि बाटली तिच्या हातात परत दिली.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. मला वाटलं ती रडेल, पण ती म्हणाली, "उसाले तं लय पानी लागते. आपल्या इकडे नाही होनार थे."  जवळा गाव मागे पडल्यावर म्हणाली, "तुह्या बाले आता बोलावलं पायजे."

पण बोलावून काय करणार? बरडावर गवत राहिलं नव्हतं. रतनजोतीच्या मधल्या जागेत घाणेरी माजली होती. ढोरांनी खावं असं तिथं काहीच नव्हतं. बा यायचा तर ढोरांसकट येणार, आणि ढोरांसाठी आधी गवत हवं होतं.

तेव्हा माझ्या आईनं स्वतः लावलेली झाडं स्वतः उपटायला घेतली.

गटातल्या काही बायका सोबत आल्या. काही आल्या नाहीत, कारण त्यांच्या मनात अजून आशा होती, किंवा राग होता. मी शनिवार-रविवारी जायची. झाडाचा बुंधा मऊ असतो, कुऱ्हाडीच्या दोन घावांत तुटतो, पण मूळ राहिलं की पुन्हा फुटतं. म्हणून याडी मूळ खणून काढायची. तिचं वय झालं होतं. सब्बल मारताना ती मध्येच थांबून कमरेवर हात ठेवायची आणि मग पुन्हा वाकायची. कापलेल्या खोडातून चिक गळायचा तेव्हा ती तिकडे पाहायची नाही. एकदा मी म्हटलं, याडी, मजूर लावू. ती म्हणाली, "लावले म्याच, तं काढाले दुसरा कायले?"

सगळं बरड काही मोकळं झालं नाही. तांड्याकडचा उतार झाला. दोन पावसाळे गेले आणि तिथं हळूहळू पवन्या परत आला. आधी ठिगळासारखा, मग सलग. याडीनं बाला फोन लावला. फोन माझा, स्पीकरवर.

"गवत आलं," ती म्हणाली. "आता या. ढोरं घेऊन या."

 तो पलीकडून म्हणाला, "कोनतं आलं?"

"पवन्या."

"बरं. येतो दिवाळी झाल्यावर."

त्या वर्षी दिवाळीला तो आला नाही, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ढोरं घेऊन पायी यायचं म्हणजे वेळ लागणारच. याडीनं गोठा शेणानं सारवला, दावणीचे खुंटे नवे ठोकले. पाण्याचं टाकं घासून ती रोज सकाळी भरून ठेवायला लागली, कधी येतील सांगता येत नाही म्हणून.

बा आला तो एसटीनं. मी नेमकी घरीच होते. फाट्यावरून चालत येताना दिसला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. अंगावरची बंडी दुसऱ्याची घातल्यासारखी लोंबत होती. हातात काठी, काखेत एक गाठोडं.

याडी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेली. त्याच्या मागे रस्त्याकडे पाहत म्हणाली, "ढोरं?"

"मागून येऊन राह्यले," बा म्हणाला. "भाचा घेऊन येते. म्या म्हनलं, मी होतो पुढे."

तो ओसरीवर बसला. पाणी प्यायला, पण अर्धंच. मी त्याचे पाय पाहिले, सुजलेले होते.

त्यानंतर याडीनं टाकं भरणं सोडलं नाही. रोज संध्याकाळी ती फाट्यापर्यंत जाऊन यायची. बा ओसरीवरून तिला जाताना पाहायचा, येताना पाहायचा. त्याला मी आर्णीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं आधीचे कागद मागितले तेव्हा तो म्हणाला, कागद नाहीत. पण पोट दाबून पाहताना डॉक्टरनं विचारलं, कधीपासून आहे हे, तेव्हा तो म्हणाला, नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, उशीर झाला.

म्हणजे तो नांदेडला जाऊन आला होता, आणि आम्हाला माहीत नव्हतं. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन आत्याला फोन केला. आत्या फोनवरच रडायला लागली. तिकडे दोन वर्षं पाऊस नीट नव्हता. नदीकाठचं गवतही गेलं होतं. बाला उठवेनासं झालं तसं त्यानं एकेक जनावर देऊन टाकलं. काही विकली, काही नात्यात दिली. शेवटची म्हातारी गाय गेली तेव्हा तो दिवसभर खाटेवरून उठला नाही. "तुमाले सांगू नको म्हने," आत्या म्हणाली. "म्हने, तिनं गवत आनलं माह्यासाठी. आता कोन्या तोंडानं सांगू?"

हे याडीला कसं सांगायचं, याचा विचार करत मी बाला घेऊन घरी आले. त्याला खाटेवर निजवलं. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन चूल पेटवली. त्या संध्याकाळी ती फाट्यावर गेली नाही. दुसऱ्या सकाळी तिनं टाकं भरलं नाही.

बाच्या ते लक्षात आलं.

"टाकं नाही भरलं आज," तो म्हणाला.

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

त्या विषयावर त्या दोघांचं माझ्यासमोर झालेलं बोलणं एवढंच.

त्यानंतरचे काही महिने तो घरी होता. इतकी वर्षं दूर राहिलेली दोन माणसं पुन्हा एका छपराखाली राहायला लागली, तेव्हा त्यांना एकमेकांच्या सवयी नव्यानं शिकाव्या लागल्या. बा चहात साखर घेत नाही हे याडीला माहीत नव्हतं. ती सवय त्याला तिकडे गेल्या वर्षभरात लागली होती. याडीला डाव्या कानानं अलीकडे कमी ऐकू येतं हे त्याला माहीत नव्हतं. तो त्या बाजूला बसून बोलायचा आणि उत्तर आलं नाही की गप्प व्हायचा. मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं खाट उचलायला लावून दुसऱ्या बाजूला घातली.

बरं वाटेल त्या दिवशी ती त्याला बरडावर न्यायची. मध्ये दोनदा बसून, हळूहळू. मोकळ्या केलेल्या उतारावर गवत पिकून सोनेरी झालं होतं. बा काठी टेकून बसायचा, गवताची काडी मोडून दातात धरायचा. एकदा मी सोबत होते. त्यानं चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं आलं. लय मेहनत केली तू."

याडी म्हणाली, "उशीर झाला."

"गवताले काय उशीर," तो म्हणाला. "गवत होते दरसाल."

ती उठून थोडी पुढे गेली आणि पाठ करून उभी राहिली. बा मला म्हणाला, "जाय, तिच्याजवळ जाय." मी गेले. ती रडत होती. आवाज न करता, तोंडावर पदर दाबून.

चैत्रात बा गेला. याडी त्याच्या उशाशी होती.

गवत उभंच होतं. तांड्यातल्या लोकांनी विचारलं, आमच्या बकऱ्या सोडू का? तिनं हो म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात तांड्यात पुन्हा सभा झाली. या वेळी एक तरुण अधिकारी मुलगी आली होती. आता गवतापासून गॅस करतात, त्यावर गाड्या चालतात, म्हणून बरडावर हत्ती गवत लावायचं, कापून कारखान्याला द्यायचं. बाहेरून येणारं तेल तेवढं कमी होईल. मी याडीच्या शेजारी, तिच्या उजव्या कानाकडे बसले होते. ती इतकं मन लावून ऐकत होती की ही पुन्हा हो म्हणेल, अशी मला भीती वाटली.

"गवतापासून?" तिनं विचारलं.

"हो आजी, गवतापासून."

"ढोरं खातात ना थे गवत?"

"खातात, पण हे कारखान्यासाठी असेल."

 याडी म्हणाली, "बाई, आज हात वर कराले लावू नको. ज्याच्या घरी ढोरं हाये, त्याच्या त्याच्या घरी आधी जाऊन ये. तिथं बसून चहा पेय. मंग सभा घे." मुलीनं ते ऐकलं. सभा त्या दिवशी थांबली. ती मुलगी खरंच दोन-चार घरी जाऊन आली, असं नंतर कळलं. पुढे काही ठरलं नाही अजून.

घरी आल्यावर मी रागावलेच होते. म्हटलं, याडी, तू सरळ नाही म्हणायला पाहिजे होतं. तुझ्याइतका हक्क कुणाला आहे नाही म्हणायचा?

"नाही कायले म्हनू?" ती म्हणाली. "खरं बोलून राह्यली होती थे पोरगी. तेल तं लागतेच. थो साहेबही खरंच बोलला होता."

आता ती माझ्याकडे आर्णीला राहते. तिला इथं करमत नाही, पण तांड्यात एकटी ठेवायची माझी हिंमत नाही. बाचं नाव आमच्या बोलण्यात रोज येतं, पण त्या दूर राहण्याच्या वर्षांबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात विचारलं. म्हटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी त्याला म्हणायचं होतं, ढोरं तिथंच सोडा आणि या.

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, मी चुकीच्या कानाशी बोलले. मग ती म्हणाली, "म्हनलं असतं तं आला असता थो. म्हनून तं म्हनलं नाही."

"म्हणजे?"

"माह्या शब्दाखातर आला असता. अन् दिवसभर ओसरीवर बसून त्या रिकाम्या गोठ्याकडे पाहत राह्यला असता. म्या कसं पाह्यलं असतं थे?"

शेवटी तसंच झालं ना, याडी, हे माझ्या अगदी तोंडापर्यंत आलं होतं. मी ते बोलले नाही. तिलाही ते माहीत होतं.